गिरगाव आणि गाव यांच्या मधला जिल्हा

२०११च्या जनगणनेतले दोन आकडे अहवालात एकमेकांपासून लांब आहेत, पण शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई, दहा वर्षांत ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरला. सिंधुदुर्गातही दोन टक्के माणसं कमी झाली. लालबागच्या चाकरमान्याची खोली होती ते टोकही रिकामं होत होतं आणि त्याची मनीऑर्डर जायची ते टोकही. भरत होता तो मधला पट्टा. ठाणे जिल्हा फुगला हे सगळ्यांनाच दिसलं, कारण डोंबिवली-बदलापूरची गर्दी रोज गाडीत भेटते. रायगड मात्र फारशी कुणकुण न लागता २२ लाखांवरून २६ लाख ३४ हजारांवर गेला. पुढची जनगणना रखडली नसती, तर हा फरक आज कितीतरी ठळक दिसला असता.

गिरगावातल्या किंवा परळमधल्या घरात चाळीच्या पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली, भावाभावांत खोलीच्या वाटणीचा विषय निघाला, की हल्ली कुणीतरी म्हणतंच, ‘पनवेलकडे बघूया का?’ हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीला पडला नव्हता. तो आताच का पडतो, याचं उत्तर मुंबईच्या भूगोलात आहे.

मुंबई हे लांबट बेट. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बंदर आणि खाडी. शहराला वाढायला एकच दिशा होती, उत्तर. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथे आखीव वसाहती केल्या, आणि गिरगावच्या कोंदट खोल्यांतून सुटलेली मध्यमवर्गीय कुटुंबं हिंदू कॉलनीत राहायला गेली. आज दादरकर स्वतःला मूळचे मुंबईकर समजतात, ते समजोत. पण गिरगावच्या हिशेबानं दादर हे त्या काळचं डोंबिवलीच होतं. पुढे पार्ले, मग बोरिवली, मग डोंबिवली, मग विरार. प्रत्येक पिढी रेल्वेच्या रुळाला धरून उत्तरेला एकेक पायरी चढली.

पूर्वेची जमीन समोर दिसत होती. शिवडीच्या किल्ल्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडचे उरणचे डोंगर दिसतात. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून सांगितलं की शहराला उत्तरेकडे ताणत बसू नका, खाडीपलीकडे दुसरं शहर वसवा. त्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. पण रेल्वे वाशीला पोहोचली १९९२ साली आणि हार्बरची लोकल पनवेलला गेली १९९८ साली. रूळ नाही तिथे नोकरदार माणूस घर घेत नाही. ज्या पंचवीस-तीस वर्षांत गिरणगावातली पहिली मोठी गळती झाली, त्या काळात पलीकडे जायला गाडीच नव्हती. म्हणून ती सगळी माणसं कल्याण-विरारकडे गेली. त्यांना खाडीपलीकडचं काही वावडं नव्हतं.

खरं तर रायगड जिल्ह्याचं गिरणगावाशी नातं त्याआधीपासूनचं आहे. परळच्या गिरण्या आधी कोळशाच्या वाफेवर चालत. टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवटा इथे धरणं बांधून घाटावरचं पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ साली तिथे वीज तयार होऊ लागली, ती मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९२२ साली कर्जतजवळ भिवपुरीचं केंद्र आलं, १९२७ साली भिऱ्याचं. म्हणजे लालबागचा कामगार ज्या मागावर उभा होता तो माग रायगडात घाटाच्या पायथ्याशी फिरणाऱ्या चक्रांवर चालत होता. या योजनेचा उपफायदा आजही सुरू आहे. वीज काढून झालेलं पाणी खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीत उल्हासला मिळतं, त्यामुळे या दोन नद्या उन्हाळ्यातही वाहतात. रसायनीच्या कारखान्यांपासून बदलापूर-कल्याणच्या नळांपर्यंत त्यांचं पाणी पुरतं.

मुंबईतून रायगडात बिऱ्हाड हलवणाऱ्यांत एक वेधशाळासुद्धा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरल्यावर त्या प्रवाहानं नाजूक उपकरणं बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेलं, आणि ते आजही तिथेच चालतं. शहराचा गोंगाट नको म्हणून अलिबाग गाठायची रीत त्या लोहचुंबकांनी पाडली असं म्हणायला हरकत नाही. जवळपास शंभर वर्षांनी, २००२ साली, परळच्या टाटा रुग्णालयाशी जोडलेली कर्करोग संशोधन संस्था खारघरला गेली. परळमध्ये जागा संपली होती, हे कारण तर सगळ्यांच्याच ओळखीचं.

आता माणसांकडे वळू. ‘रायगडला जायचं’ हे वाक्य तसं अर्थहीन आहे. पंधरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात खारघरचे मनोरे आहेत आणि पोलादपूरची घाटाखालची गावंही. त्यामुळे कारणं तालुक्यागणिक बदलतात.

सर्वांत जड पारडं पनवेल तालुक्याचं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजे हे सगळं रायगड जिल्ह्यात येतं, हे तिथे राहणाऱ्या अनेकांनाही सातबारा काढायची वेळ येईपर्यंत ठाऊक नसतं. १ ऑक्टोबर २०१६ला पनवेलची महानगरपालिका झाली, ती जिल्ह्यातली पहिली. लालबाग-काळाचौकीच्या माणसाला इथलं पहिलं आकर्षण अगदी साधं आहे. कॉटन ग्रीन, रे रोड, शिवडी ही त्याच्या पायाखालची स्टेशनं हार्बरवर आहेत, आणि तिथून पनवेलची गाडी थेट मिळते. सव्वा तास लागतो, पण बदल नाही. दादरकराला मात्र कुर्ल्याला उतरून जिना चढावा लागतो, आणि कुर्ल्याचा तो जिना संध्याकाळी सातला जो चढलाय त्याला मी वेगळं काही सांगायला नको. गिरगावकराला सीएसएमटी किंवा मशीद गाठली की झालं.

दुसरं आकर्षण मुंबईकडे पाठ करून पाहिलं की दिसतं. कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात, मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळ पळस्प्याला सुरू होतो. गणपतीला, शिमग्याला गावी जाणाऱ्या कुटुंबाला पनवेलमध्ये राहण्याचा अर्थ असा, की मुंबईतून बाहेर पडण्यात जाणारे दोन-अडीच तास आधीच वजा झालेले असतात. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोरोनानंतर दिव्याहून सुटू लागली, तेव्हा दादर-परळमध्ये केवढी हळहळ झाली! पनवेलकराला त्याचं काहीच वाटलं नाही; त्याची गाडी त्याच्या स्टेशनात येतच होती. ज्यांचे आईवडील गावी एकटे आहेत त्यांच्यासाठी हे कारण किमतीपेक्षाही मोठं असतं. रात्री फोन आला तर सकाळी चिपळुणात पोहोचता येतं. अर्थात रस्त्यानं जाणार असाल तर महामार्गाचा भरवसा धरू नका. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, आणि त्या रस्त्यानं तेव्हापासून किती कंत्राटदार आणि किती मंत्री पाहिले याचा हिशेब कोकणी माणसानं कधीच सोडून दिला आहे.

जाहिरातींत मात्र सगळा भर असतो अटल सेतूवर आणि विमानतळावर. शिवडीहून निघणारा हा २१.८ किलोमीटरचा सेतू १२ जानेवारी २०२४ला सुरू झाला. शिवडी म्हणजे परळचं अंगण, तेव्हा परळकराला तो सर्वांत सोयीचा, हे खरं. पण मोटारीला एका फेरीचा टोल अडीचशे रुपये आहे. रोज कामावर येणाऱ्या कारकुनाच्या, परिचारिकेच्या, दुकानातल्या सेल्समनच्या आयुष्यात या पुलानं थेट काही बदललं असं मला दिसत नाही. त्यांचा पूल अजून हार्बर लाईनच आहे. सेतूच्याच दिवशी उरणपर्यंत लोकल सुरू झाली. तिच्याबद्दल कमी बोललं गेलं, पण पगारदार माणसाला तिचाच उपयोग जास्त. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये झालं आणि डिसेंबरात उड्डाणं सुरू झाली. त्यातून नोकऱ्या येतील, घरांचे भावही चढतील. पैकी भाव आधीच चढले आहेत.

कर्जत तालुक्याचं गणित निराळं. शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत ही स्टेशनं मध्य रेल्वेवर, म्हणजे दादर-परळकराला गाडी बदलावी लागत नाही. पण अंतर शंभर किलोमीटरच्या घरात, आणि जलद गाडीलाही दोन तास. रोजचे चार तास प्रवासात घालवून पन्नाशीपर्यंत तब्येत टिकवणं अवघड आहे. मी तरुण जोडप्याला रोजच्या नोकरीसाठी कर्जत सुचवणार नाही. पनवेल-कर्जत हा नवा उपनगरी मार्ग बांधला जातोय. तो झाला की कर्जतहून नवी मुंबईतल्या कामाला जाणं जमेल. तेव्हा हे मत बदलावं लागेल.

याच पट्ट्यात गिरणी कामगारांची लढाई चालू आहे. तिच्याविषयी न बोलता ‘रायगडला जा’ म्हणणं बरोबर नव्हे. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार संपावर गेले, तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी आणि एक भाग घरांसाठी ठेवायचा होता. २००१ साली तो नियम असा बदलला की हिशेब फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीचा धरायचा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मान्य केलं आणि कामगारांच्या वाट्याची जमीन आकसली. २०१२च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. मग शहराबाहेरची घरं आली. २०१६ साली पनवेलजवळ कोन इथल्या २,४१७ घरांची सोडत झाली, घराची किंमत सहा लाख रुपये. कोरोनात त्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या, त्यांची मोडतोड झाली, आणि साठी-सत्तरीतल्या विजेत्यांचं चाव्यांसाठी थांबणं वर्षानुवर्षं लांबलं. त्यानंतर शेलू आणि ठाणे जिल्ह्यातलं वांगणी इथल्या घरांची योजना पुढे आली, तेव्हा जुलै २०२५मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात उतरले. घरं मुंबईतच द्या, ही त्यांची मागणी.

त्यांचा हट्ट मला समजतो. परळच्या खोलीत वाढलेली मुलगी केईएम रुग्णालयात काम करत असेल, तर शेलूचं घर तिला राहायचं म्हणून उपयोगाचं नाही. आणि ज्या जमिनीवर आजोबांनी पाळ्या केल्या तिथे मॉल उभा असताना त्याच आजोबांना वीस-पंचवीस स्टेशनं ओलांडायला सांगणं हा न्याय नव्हे. कामाच्या सोयीनं रायगड निवडणारा आणि दुसरा पर्याय न ठेवता तिकडे पाठवलेला, या दोघांना एकाच यादीत घालून ‘मुंबईकर रायगडला पसंती देतोय’ असं छापणाऱ्या बातम्यांवर विश्वास ठेवू नका.

अलिबागकडे जायची गोष्ट मुख्यतः पाण्यावरची. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचनं जाणं ही गिरगाव-माझगावच्या अलिबागकरांची जुनी वाट. या वाटेवर १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली; गिरगाव-परळमधल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली. मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, मोटारीसकट, तासाभरात. गेट वे ऑफ इंडियाच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात; रो-रो हवामान बघून चालते. प्रवासी रेल्वे अलिबागला नाही. म्हणून अलिबाग हे रोज मुंबईत यायची गरज नसलेल्यांचं गाव आहे: निवृत्त माणसं, घरून काम करणारी मंडळी, आणि मांडवा-किहीम पट्ट्यात बंगले बांधणारे श्रीमंत. या शेवटच्या गटानं जमिनीचे भाव असे नेऊन ठेवलेत की लालबागची खोली विकून त्या किनाऱ्याला कुंपणही होणार नाही. चौल-रेवदंड्याकडे किंवा आतल्या गावांत अजून जमतं.

पेणकडे मात्र लोक उगाच दुर्लक्ष करतात. घरगुती गणपती पेण-हमरापूरहून आले नाहीत असं गिरगाव-लालबागमध्ये क्वचितच एखादं दुकान असेल. गाव आटोपशीर, बाजारपेठ मोठी, पोहे-पापड प्रसिद्ध, भाषा आपली. थंडीत वालाच्या शेंगांची, भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेली पोपटी हे मला विचाराल तर राहायला जायचं स्वतंत्र कारण आहे, पण ते बँकेला कर्जासाठी सांगता येत नाही. गाड्या मोजक्या, ही पेणची उणीव. कामावर रोज जायचं नसलेल्या साठीतल्या जोडप्याला मी अलिबागच्या आधी पेण सुचवीन.

आता अडचणी. पहिली पाण्याची, आणि ती विनोदी वाटावी इतकी उलटी आहे. रायगडच्या खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं, आणि ती महापालिका ठाणे जिल्ह्यात. पनवेलचं स्वतःचं धरण म्हणजे देहरंग, लहान आणि गाळानं भरलेलं. बाकीचं पाणी जीवन प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून घ्यावं लागतं. त्यामुळे उन्हाळ्यात नव्या सोसायट्यांच्या दारात टँकर उभे दिसतात. घराची किंमत विचारण्याआधी सोसायटीचं टँकरचं महिन्याचं बिल विचारा.

दुसरी जमिनीची. ‘कर्जतला पाच गुंठे’ अशा जाहिराती गाडीच्या डब्यात चिकटवलेल्या असतात. १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, आणि तुकडेबंदीचा कायदा १९४७पासून आहे. त्यात अलीकडे सवलती मिळाल्या असल्या तरी प्रत्येक तुकड्याला त्या लागू होतील असं नाही. इथे कोकणी चाकरमान्याचं एक पारडं जड आहे: गावच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव असेल तर तो कायद्यानं शेतकरीच, महाराष्ट्रात कुठेही शेतजमीन घ्यायला पात्र. ते नाव वडिलांच्या मागे लावून घेतलंय का, एवढं मात्र आधी पाहा. पनवेलच्या भोवतालच्या ‘नैना’ या विमानतळ-प्रभावक्षेत्रातल्या गावांत इमारतीला परवानगी सिडकोची आहे की कुणा ‘ओळखीच्या माणसाची’, हेही तपासा. महारेराचा क्रमांक नसलेल्या नव्या प्रकल्पाकडे फिरकू नका.

याच जमिनीला आणखी एक इतिहास आहे. सिडकोसाठी पंचाण्णव गावांच्या शेतजमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झालं, त्यात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले, आणि पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. आपण ज्याला ‘नवीन वस्ती’ म्हणतो ती आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं होती. गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं हे पाहिलेल्या लालबागकराला हे निराळं समजावून द्यायला नको.

तिसरी अडचण पावसाची. ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आदळलं. जुलै २०२१मध्ये महाड बुडालं आणि तळीये गाव दरडीखाली गेलं, जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडी गेली. २७ जुलै २०१९ला उल्हासला पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून हजारभर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं. नदीकाठचा ‘रिव्हर व्ह्यू’ आणि डोंगरकुशीतला ‘हिल व्ह्यू’ या दोन्हींचे दलाल पैसे जास्त मागतात. मी असतो तर दोन्हींना कमी दिले असते.

तर माझं मत असं. दोघंही मुंबईत नोकरीला असाल आणि मुलं शाळेत असतील, तर हार्बरवरच्या स्टेशनापासून चालत दहा मिनिटांच्या आत मिळेल ते घर घ्या, भले ते शंभर चौरस फूट लहान असो. घरात केईएम किंवा टाटाचा नियमित रुग्ण असेल, तर डॉक्टरांच्या तारखा कशा सांभाळणार हे ठरल्याशिवाय परळ सोडू नका. चाळीचा पुनर्विकास करारापर्यंत आला असेल तर खोली घाईनं विकू नका. वर्षभर पनवेलला किंवा पेणला भाड्यानं राहून पाहा. आणि घर बघायला दिवाळीनंतरच्या छान हवेत जाऊ नका. एकदा मे महिन्यात जा आणि नळ सोडून बघा, एकदा जुलैत जा आणि स्टेशनापासून घरापर्यंत चालत जाऊन बघा.